लाईट आली की

॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
रविवार, ६ ऑगस्ट २००६

चि. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझ्या मामाच्या घरात फोन आहे, कॉम्प्युटर आहे, आणि ही बया पोस्टाचं तिकीट का चिकटवत बसली असं तुला वाटलं असेल. अगं, फोन आहे पुढच्या खोलीत, आणि फोनशेजारी बाई, म्हणजे तुझी मामी, हार ओवत बसलेली असते. मी हॅलो म्हटलं की तिची सुई थांबते. ईमेल करावी तर कॉम्प्युटरही तिथंच, आणि तुझ्या कंपनीत घरच्या ईमेल वाचल्या तर तुझा साहेब डोळे वटारतो म्हणतेस. तेव्हा हेच बरं. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. आमच्या शाळेत शिक्षिकेचं पत्र तिच्याच हातात येतं, हेडमास्तर फोडत नाहीत.

कामाचं सांगते. निवृत्तीची साईट घरी उघडेनाशी झाली आहे.

तुला आठवत असेल, सातपूरच्या कारखान्यात असताना त्याने कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि आपल्या फुलांची फुकटातली साईट बनवली. गुलाबाचे फोटो, झेंडूचे फोटो, कुठल्या फुलाची तोड कधी करायची ते त्याच्याच तोंडून. आणि साईट उघडली रे उघडली की त्याचा आवाज, ‘राम राम मंडळी, मी निवृत्ती, मखमलाबादचा. या, बसा, फुलं बघा.’ आपण किती हसलो होतो! फुलबाजारातलं कोण गिऱ्हाईक कॉम्प्युटर लावून झेंडू घेणार, असं मी म्हटलं, तर म्हणाला, बघशील. मी बघतेच आहे. माझ्या भावाला गेल्या कार्तिकात त्या ट्रकनं नेलं.

आमच्याकडे रोज संध्याकाळी लोडशेडिंग असतं हे तुला माहीत आहे. ड्यूटीवरून आल्यावर वाट बघायला नको म्हणून त्याने कॉम्प्युटरमध्ये असं काहीतरी करून ठेवलं होतं, की गेलेली लाईट आली की तो आपणहून चालू होणार आणि ही साईट उघडणार. तो गेल्यावर कुणी त्याला हात लावला नाही. त्यामुळे रोज लाईट यायची आणि तिच्या मागोमाग निवृत्ती बोलायचा. परक्या माणसाला भीती वाटली असती. मला नाही वाटायची. भाजी चिरताना हात थांबायचा इतकंच. बाईसुद्धा हातातलं टाकून बघत राहायची. तिला तेवढाच आधार होता गं.

आता लाईट येते, पडदा उजळतो आणि पान दाखवता येत नाही असं इंग्रजीत लिहून येतं. बाकी सगळं उघडतं, पेपर उघडतो, रेल्वे उघडते. एक तोच नाही. केबलवाल्या भिकनकडे गेले, नेट त्याचंच आहे. तो म्हणाला, मुंबईत स्फोट झाले ना ताई, तेव्हापासून सरकारनं साईटी बंद करायला लावल्यात, वरून बंद आहे, माझ्या हातात काही नाही. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. निवृत्तीबरोबर शाळेत होता हा, आणि आता त्याच्या बहिणीला वरून-खालून सांगतो.

मी एवढी का जिवाला लावून घेते ते कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दादांनी, बाप असून, हात जोडून सांगितलं, आईला सांभाळू, मळा विकणार नाही. चुलते बोलले, आमचे मामा बोलले. झाडावर बसून होता, उतरत नव्हता. मी पायरीवर बायकांत उभी होते. मनातल्या मनात म्हटलं, निवृत्ती, तुझी साईट मी बंद पडू देणार नाही, घरात तुझा आवाज राहील. आणि तो उतरला. बाई घाटावर नव्हती, तिला भान नव्हतं म्हणून घरीच ठेवली होती. तिला यातलं काही ठाऊक नाही.

आता सांग, मी त्याला काय तोंड दाखवू? लाईट आली की मला वाटतं, तो दारात येऊन उभा आहे आणि आपणच कडी घातली आहे. तू कॉम्प्युटरातली शहाणी, काय करायचं ते लिही.

मोठी बहीण म्हणून लोभ ठेवतेसच, या वेळी बुद्धीही थोडी इकडे पाठव.

तुझी,
छायाताई


पुणे
१३ ऑगस्ट २००६

ती. छायाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. घाटावरचं तू एकटीनं मनात ठेवलंस, मला तरी सांगायचं होतंस. पण असो, रडायला मी पुण्यात पुष्कळ मोकळी असते, तुझं काम आधी करते.

साईट इथे व्यवस्थित उघडते. त्याने ‘या, बसा’ म्हटलं, मी खुर्चीत होते तरी सावरून बसले. म्हणजे साईट जिवंत आहे, बिघाड तुमच्या घरापर्यंतच्या वाटेत आहे. भिकन म्हणतो ते अगदीच खोटं नाही. जुलैमध्ये सरकारने मोजक्या साईटी बंद करायला सांगितल्या आणि कंपन्यांनी एका घराला कुलूप लावायचं तर अख्ख्या गल्लीला लावलं होतं. पण ते बहुतेक ठिकाणी निघालं. तेव्हा आधी आपलं आपण तपासू.

पहिलं, कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली तारीख बघ. सारखी लाईट गेली की ती कधीकधी मागे जाते आणि मग काय काय अडतं. दुसरं, जुनी साठवलेली पानं पुसून टाक, कसं ते मागच्या कागदावर लिहिलं आहे. तिसरं, पंचवटीत सायबर कॅफे असेल तिथे जाऊन हीच साईट उघडून बघ. तिथे उघडली आणि घरी नाही, तर दोष भिकनच्या नेटचा. चौथं, स्टार्टमधून ती काळी खिडकी उघड, तिच्यात पिंग लिहून पुढे साईटचं नाव लिही आणि काय उत्तर येतं ते जसंच्या तसं उतरवून पाठव. भिऊ नकोस, काळ्या खिडकीने कुणाचं वाईट झालेलं नाही.

मामीला संशय येऊ देऊ नकोस. मामांना नमस्कार. माझ्या वाटणीचे गुलाब कुठल्या शेजारणीला जातात ते मला समजलं आहे, तरीही तुझ्यावरचं प्रेम मी कमी केलेलं नाही.

तुझी,
प्रतिभा


मखमलाबाद
२४ ऑगस्ट २००६

चि. प्रतिभास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझा अभ्यास केला, आता तपासून दे.

तारीख बघितली. कॉम्प्युटर चार वर्षं मागे गेलेला. त्याच्या हिशेबी निवृत्ती अजून सातपूरला कामावर होता आणि संध्याकाळी येणार होता. मी तारीख बदलायला बसले आणि बोट पुढे जाईना. शेवटी बदलली, पण आपणच त्याला दुसऱ्यांदा मारतोय असं वाटलं. साईट उघडलीच नाही.

पानं पुसली, काही फरक नाही. मग पंचवटीतल्या कॅफेत गेले, शाळेचं काम आहे म्हणून घरी थाप मारली. शेजारी कॉलेजची पोरं गप्पा मारत होती. मी कानाला ते हेडफोन लावले, साईटचं नाव टाकलं, आणि उघडली गं! राम राम मंडळी, जसंच्या तसं. मी तिथंच तोंडाला पदर लावला. कॅफेवाला विचारायला लागला, मॅडम, निकाल लागला का. मी हो म्हणाले.

खरी गोष्ट पुढे आहे. घरी येऊन ती काळी खिडकी उघडली, तू सांगितलं तसं लिहिलं. मला वाटलं, उत्तर येणार नाही. पण पटापट चार ओळी उमटल्या, उत्तर आलं, उत्तर आलं. साईट बंद आणि उत्तर येतंय! आकडे उतरवले, १२७.०.०.१. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, हा पत्ता कुठला. ते हसून म्हणाले, हा कुठला परगावचा नव्हे मॅडम, हा म्हणजे आपलं स्वतःचंच मशीन, ज्या घरात विचाराल त्याच घरचा.

प्रतिभा, मी विचारलं, निवृत्ती कुठे आहे. आणि त्याने सांगितलं, इथेच, तुझ्याच घरात. मी शिकलेली बाई आहे, पोरांना भुताखेतांच्या गोष्टी सांगू नका म्हणून पालकांना झापते. पण त्या संध्याकाळी पुढच्या खोलीत एकटी बसले नाही. त्यातून कॅलेंडरकडे लक्ष गेलं. गणपती उठले की पितृपक्ष, आणि वर्षश्राद्ध झालेलं नाही म्हणून त्याचं पान वाढायचं नाही. म्हणजे तो पितरांत नाही, आपल्यात नाही, मधेच कुठेतरी आहे. मग हे उत्तर कोण देतंय?

लवकर लिही. वेडी समजलीस तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
छायाताई


पुणे
१ सप्टेंबर २००६

ती. छायाताईस,
सा. न. वि. वि.

वेडी तू नाहीस. वाचताना माझ्याही अंगावर काटा आला, आणि मला तर त्याचं उत्तर माहीत होतं.

नीट ऐक. साईटचं नाव म्हणजे नुसतं माणसाचं नाव. तो गावात कुठे राहतो ते सांगायला कुणीतरी लागतं. तुमच्या घराला तो पत्ता भिकनचं मशीन सांगतं. एखादी साईट बंद करायची असली की हे केबलवाले सोपी युक्ती करतात, खरा पत्ता खोडून तिथे तो १२७वाला लिहून ठेवतात. मग विचारणारा फिरून आपल्याच दारात येतो. उत्तर देत होता तो तुझाच कॉम्प्युटर, दुसरं कुणी नाही. ती नोंद तुझ्याच मशीनमध्ये कुणी केली असेल तर ते कसं बघायचं तेही सोबत लिहिलं आहे. तिथे काही नसेल तर भिकनने हाताने लिहिलं आहे, ‘वरून’ वगैरे काही नाही. वरचा हुकूम असता तर त्या फुकटच्या जागेवरच्या सगळ्या साईटी बंद असत्या. खाली मी शेजारचीच एक साईट लिहिते, ती उघडून बघ. ती उघडली, तर फक्त आपला निवृत्ती निवडून बंद केलेला आहे.

भिकन असं का करेल, मला समजत नाही. भांडायला जाण्याआधी एक उपाय कर. सोबत एक नंबर देते, तो दुसऱ्या एका पत्ते सांगणाऱ्याचा आहे. सेटिंगमध्ये भिकनच्या नंबराच्या जागी हा टाक. मग तुझं मशीन भिकनला विचारणारच नाही, परस्पर दुसऱ्याला विचारेल.

गणपतीचे मोदक पोस्टाने येत नाहीत, त्यामुळे या वर्षीही तुझ्यावर माझं उधार राहिलं. ते असं वाढत जावो.

तुझी,
प्रतिभा


मखमलाबाद
१४ सप्टेंबर २००६

चि. प्रतिभास,
आशीर्वाद.

तुझं सगळं बरोबर निघालं आणि माझं सगळं चुकलं.

माझ्या मशीनमध्ये नोंद नव्हती. शेजारची साईट उघडली. मग दुपारी शाळेतून लवकर येऊन तुझा नंबर टाकला, लगेच निवृत्तीचं पान उघडलं. मी आवाज बंद करून ठेवला होता, तो परत वाढवून ठेवला. म्हटलं, संध्याकाळी लाईट आली की बाईला आपोआप ऐकू येईल, तिचं तोंड बघण्यासारखं होईल. अगं, कसली हौस माझी.

लाईट गेली होती. बाई देवापुढे समई लावत होती, दादा मळ्यात होते. लाईट आली. कॉम्प्युटर घुरघुरला आणि तो बोलला, ‘राम राम मंडळी.’ बाईच्या हातून समई सुटली, तेल हातावर सांडलं, वात पदराला लागायची ती मी पायाने विझवली. ती भिंतीला टेकून खाली बसली, कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, “बंद केलं तरी आला?”

मला वाटलं ती भ्रमली. हाताला फोड आले, तापही भरला, डॉक्टरांनी मलम दिलं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी भिकनच्या दुकानात गेले आणि त्याच्या गिऱ्हाइकांदेखत त्याला वाटेल ते बोलले. मेलेल्या मित्राचं तोंड बंद करतोस, तुला लाज कशी नाही वाटत, असं सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग मला बाहेर नेऊन म्हणाला, ताई, तुमच्या बाईच आल्या होत्या. दिव्याच्या अवसेला. बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्या म्हणाल्या, पोराला रोज हाक मारून आणताय, त्याला सुटू द्या, ते बंद कर. आणि माझ्या मुलांची शपथ घातली, छायाला सांगशील तर. मी काय करणार होतो?

काखेत कळसा नि गावाला वळसा. सरकारला, भिकनला, भुताला, सगळ्यांना दोष देऊन झाला आणि कडी घातली होती ती आईनं. मी म्हणत होते तिला आधार आहे. आधार मला होता.

पण प्रतिभा, मी शब्द दिला आहे ना. त्याने तो ऐकून पिंड घेतला. साईट ठेवावी तर बाईचा जीव जातो, बंद करावी तर त्याला फसवल्यासारखं होतं. दोघंही माझेच. तुझा नंबर मी काढून टाकला आहे, कॉम्प्युटरची वायरसुद्धा काढली आहे. बाईशी यावर एक अक्षर बोलले नाही. ती डाव्या हाताने जेवते आणि मी बघते. तू एक कर, साईटवरचं सगळं त्याचं बोलणं सीडीवर उतरवून ठेव, पुढे काय होईल सांगता येत नाही.

या पत्राला गोड शेवट सुचत नाही. तू आहेस म्हणून लिहिते, असशीलच असं धरून चालते.

छायाताई


पुणे
१९ सप्टेंबर २००६

ती. छायाताईस,
सा. न. वि. वि.

मामीच्या हाताला पाणी लागू देऊ नकोस, मलम चालू ठेव. नंबर द्यायची घाई मी केली, आधी भिकनशी बोल म्हणायला हवं होतं. माझं डोकं मशीनपाशीच थांबलं.

सीडी तयार आहे. प्रत्येक फुलामागे त्याने काही ना काही बोलून ठेवलं आहे, तू समजतेस त्यापेक्षा पुष्कळ आहे. मी उतरवून घेतलं, पण ऐकलं नाही. माझी छाती होत नाही. साड्यांखाली ठेवली आहे आणि कपाट उघडताना उगीच हळू उघडते.

ती मी लगेच पाठवणार नाही, राग आला तरी चालेल. आधी तू मामीला घाटावरचं सांग. तुम्ही दोघी एकाच माणसासाठी एकमेकींपासून लपवाछपवी करत आहात, आणि तो बिचारा दोघींच्या मधे उभा. लाईट आल्यावर साईट आपोआप उघडते ते कसं थांबवायचं, तेही सोबत लिहिलं आहे. वायर काढून ठेवून घर चालत नाही ताई, तुला शाळेचे पेपर टाईप करायचे असतात.

भांडायचं असेल तर माझ्याशी भांड, मी लांब आहे, आणि तुझं भांडणसुद्धा मला हवंच असतं.

तुझी,
प्रतिभा


॥ श्री ॥
मखमलाबाद
घटस्थापना झाली, तिसरी माळ

चि. प्रतिभास मामीचा आशीर्वाद.

अक्षर बघून हसशील. चौथीपर्यंत शाळा, तीबी फुलं तोडून जमंल तेव्हा. हात बरा हाय, बोटं वळत्यात, म्हनून लिवते. पत्ता छायाच्या पाकिटावरून घेतला. ती शाळेत गेलीय.

छायानं समदं सांगितलं. घाटावर तिनं त्याला काय शब्द दिला तेबी. एवढं वज्जं पोरीनं एकटीनं वागवलं आन मी तिच्याच शेजारी बसून हार ओवीत होते. मला कळलं नाय. कळलं असतं तर भिकनकडं गेले नसते, तिच्याकडंच गेले असते.

मग सर्वपित्रीला बाजारात फुलं दिली आन परभारी रामकुंडावर गेले. लय गर्दी, समद्यांची पितरं. आपल्याला त्यात जागा नाय, वरीस झालं नाय म्हनून. पायरीवर बसले आन त्याला म्हनलं, निवृत्ती, छायानं दिलेला शब्द मी माझ्या पदरात घेतला. तिला आता काय इचारू नको. रागवायचं तर माझ्यावर रागाव, आईवर किती दिस रागावशील. कावळा आला का नाय ते मी बघितलंबी नाय. घरी येऊन छायाला सांगितलं, ती लय रडली, मग जेवली. भिकनच्या घरी जाऊन त्याच्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ सोडवून आले.

आता छायाला सांगितलं नाय ते तुला सांगते. पोराला सुटू दे म्हनाले ते खोटं नव्हतं. पन समदं नव्हतं.

ड्यूटीवरनं आला की तो दारातूनच म्हनायचा, बाई, भाकर वाढ. पायतान काढायच्या आदुगर. एक दिस चुकला नाय. गेल्यावर तो लाईटीसंगं यायला लागला. पयल्या दिवशी मी चुलीपासनं उठून पळत आले. तर म्हनतो राम राम मंडळी. कोन मंडळी? घरात मी, छाया, तुझा मामा. समद्या जगाला या बसा म्हनला आन मला हाक नाय मारली. मी म्हनलं, उद्या म्हनंल. रोज हातातलं टाकून उभी राहायची. रोज तेच बोलायचा परक्यावानी आन गप व्हायचा. छायाला वाटायचं, बाईला बरं वाटतंय. मला ते सोसना, प्रतिभा. पोरगं रोज घरी यावं आन आईला वळखू नये. म्हनून बंद केलं.

छाया म्हनती, तुझ्याजवळच्या त्या सीडीत त्याचं लय बोलनं हाय आन तू ऐकलं नाय. तू ऐक. माझ्यासाठी ऐक. बोलता बोलता कुठं एका ठिकानी तो बाई म्हनला असंल, आमची बाई अशी फुलं तोडती, बाईला इचारा, असं कायबी, तर मला कळव. दसऱ्याचा झेंडू निघाला की मी पुन्याला येते. तेवढंच लावून दे, माघारी जाईन. घरात आनायचं नाय.

आन नसंल तर नाय म्हनून लिव. मामीचं समाधान व्हावं म्हनून खोटं लिवू नको. मला कळंल.

मामीवर माया करतीस, तशी करीत राहा.

तुझी मामी
मालनबाई